पोरगा इंडिया खेळेल का? स्टँडमध्ये बसून ज्युनियर हॉकीपटू कसा पारखावा

पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर ज्युनियरांची मॅच असली की हाफ टाइमपर्यंत स्टँडमध्ये दोन तट पडलेले असतात. एक तट म्हणतो, "लिहून ठेवा, हा पोरगा इंडिया खेळणार." दुसरा म्हणतो, "कसला डोंबलाचा इंडिया, ह्याला साधा वेळेवर बॉल सोडता येत नाही." गंमत अशी की दोघांनी बहुतेक वेळा एकच डॉज, म्हणजे समोरच्याला चकवून बॉल पुढे नेणं, पाहिलेला असतो.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाकडून लेफ्ट हाफ, म्हणजे डावीकडे फॉरवर्डच्या मागे, खेळायचे. पुढे बँकेत चिकटले आणि आता सुट्टीच्या दिवशी मॅच बघते. कोच नाही, सिलेक्टर नाही, कुणाची आई-मावशीही नाही. हे लिहितेय ते माझ्यासारख्या बघ्यांसाठी. सोळा-सतरा वर्षांच्या पोरात काय चांगलं नि काय वाईट, ते कुणालाही दिसतं. त्यातलं काय टिकणार, काय आपोआप जाणार आणि काय जन्मभर चिकटून राहणार, हे मात्र बघायची सवय लावून घ्यावी लागते.

पहिलं काम म्हणजे बॉल बघणं सोडायचं. एक मुलगा निवडा आणि एक अख्खा क्वार्टर, म्हणजे पंधरा मिनिटं, फक्त त्याच्याकडे बघा. बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी त्याच्याकडेच. सुरुवातीला फार जड जातं, शेजारचे "अरे गोल, गोल!" ओरडतात आणि आपण एका उभ्या असलेल्या पोराकडे टक लावून बसलेलो असतो. पण हे मैदानावर जाऊनच होतं. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे धावतो, त्यामुळे बॉल नसताना पोरगा काय करतो ते कळतच नाही. आणि मॅचचा बहुतेक वेळ बॉल कुणाकडेच नसतो, निदान आपल्या पोराकडे तरी नसतो. बसायचं शक्यतो गोलच्या मागच्या कोपऱ्याकडे. सेंटर लाइनपाशी बसून वेग दिसतो, पण दोन खेळाडूंमधली फट, पासचा कोन, कोण कुठे मोकळा आहे, हे मागूनच नीट दिसतं. ऊन लागतं, टोपी न्या.

बॉल येण्याआधी मान फिरते का

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॉल त्याच्याकडे यायच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या मानेकडे बघा. चांगला मिडफिल्डर बॉल येण्याआधी एकदा डाव्या खांद्यावरून आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघून घेतो. मग बॉल स्टिकला लागेपर्यंत पुढचा पास कुठे द्यायचा ते त्याचं ठरलेलं असतं. न बघणारा पोरगा आधी बॉल थांबवतो, मग मान वर करतो, मग शोधतो. तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो आणि आपण म्हणतो, "पोरगा स्लो आहे." पाय स्लो नसतात, डोळे उशिरा उघडतात.

त्यानंतर ट्रॅप, म्हणजे आलेला बॉल स्टिकने थांबवणं. बॉल थांबला की नाही एवढंच बघू नका, थांबून कुठे राहिला ते बघा. पायात मेला, तर पोराला आधी तो बाहेर काढावा लागतो आणि त्यात एक पाऊल जातं. उजव्या पायाच्या पुढे हातभर अंतरावर राहिला, तर त्याच दमात पास, हिट, डॉज काहीही करता येतं. आणि त्याचं अंग कुणीकडे वळलंय? पास देणाऱ्याकडे तोंड करून सरळ उभा राहणारा मुलगा अर्धं मैदान पाठीमागे टाकतो. अंग तिरकं ठेवून बॉल घेणाऱ्याला पासही दिसतो आणि समोरचा गोलही.

इथे एक खबरदारी घ्या. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाणी मारलेलं असतं तेव्हा बॉल सपाट आणि वेगात येतो. पुण्याच्या एप्रिल-मेच्या दुपारी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पाणी उडून जातं, बॉल अडखळतो, कधी टुणकन उडतो. पहिल्या क्वार्टरमधला सुटलेला ट्रॅप आणि तिसऱ्यातला सुटलेला ट्रॅप एकाच खात्यात टाकू नका. तसंच मुरमाच्या शाळेच्या मैदानावर वाढलेल्या पोराचं. मुरमावर बॉल उसळतो, म्हणून तो जरा ताठ उभा राहतो आणि बॉल अगदी अंगाशी आल्यावर स्टिक लावतो. टर्फवर हे वाईट दिसतं, आणि बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत रोज टर्फवर खेळणाऱ्या पोरांशेजारी तर फारच वाईट दिसतं. पण एक सीझन रोज टर्फ मिळालं की कंबर खाली येते. उलट त्या उसळत्या बॉलने त्याचं मनगट तयार झालेलं असतं, ते टर्फवर शिकवून येत नाही. मॅच बघताना मी एक वही ठेवते, तिच्यात ह्याला कमजोरी म्हणून लिहीतच नाही.

मान न फिरवणं मात्र लिहिते. मैदान बदललं म्हणून ते सुधारत नाही, त्यासाठी कुणीतरी रोज मागे लागावं लागतं.

डॉजचा मोह

आपण पुणेकर, त्यात खडकी जवळ. भारताचा नावाजलेला फॉरवर्ड धनराज पिल्ले खडकीचा, त्यामुळे बॉल घेऊन सुसाट निघालेला पोरगा दिसला की आपलं काळीज आधीच विकलं जातं. माझंही जातं. पण डॉज कुठे सुरू झाला, हे आधी विचारायचं. विरोधी डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडाशी एकास एक असताना मारलेला डॉज फसला तरी चालतो. लागला तर गोल किंवा पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोललाइनवरून बॉल डीबाहेर ढकलून गोलवर मारायची संधी. मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्या भागात दोन पास मोकळे असताना मारलेला डॉज लागला तरी मी त्याला मार्क देत नाही. ज्युनियरमध्ये तो लागतो, कारण समोरचा हाफ स्टिक फेकून टॅकल करतो. सीनियरमध्ये समोरचा स्टिक फेकतच नाही, मागे सरत सरत साइडलाइनकडे ढकलत नेतो, मग हा पोरगा बॉलसकट बाहेर.

दुसरं, त्याला किती दिशा येतात? हॉकी स्टिकची सपाट बाजू एकच, डावी. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. त्यामुळे प्रत्येक डिफेंडरची डावी बाजू, म्हणजे रिव्हर्सची (स्टिक उलटी फिरवून खेळायची) बाजू, कच्ची असते आणि प्रत्येक पोरगा लहानपणी त्याच बाजूने, स्वतःच्या उजवीकडून जायला शिकतो. सतरा वर्षांपर्यंत तेवढ्यावर निभावतं. डाव्या बाजूने जाता येतं का, रिव्हर्सने नुसता बॉल अडवता येतो की रिव्हर्सने पासही देता येतो, हे बघा. एका पोराला मी तीन क्वार्टर बघितलं. उजवीकडचा डॉज देखणा होता. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्या लेफ्ट हाफने नुसतं डावं पाऊल अर्धा फूट बाहेर ठेवून त्याचा रस्ता बंद केला. पुढे पोराला एकही बॉल डीमध्ये नेता आला नाही. स्टँडमधले म्हणाले, दमला. दमला नव्हता, त्याच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. ही सरावाने जाणारी कमजोरी आहे, पण आता सराव केला तर.

बॉल गेल्यावर

बॉल हरवल्यानंतरची पाच सेकंदं. माझ्या मते पोराचा स्वभाव इथे दिसतो. कुणी तिथल्या तिथे उलटा फिरून मागे धावतो, कुणी कमरेवर हात ठेवून अंपायरकडे बघतो, कुणी चिडून मागून स्टिक घालतो आणि ग्रीन कार्ड घेऊन दोन मिनिटं बाहेर बसतो. स्वतःच्या २३ मीटरच्या रेषेच्या आत मुद्दाम फाउल केला तर समोरच्याला सरळ पेनल्टी कॉर्नर मिळतो, म्हणजे एका पोराच्या रागाची किंमत अख्खी टीम मोजते. हॉकीत सब्स्टिट्यूशन कितीही वेळा करता येतं, तेव्हा बाहेर बोलावल्यावर तो कसा येतो आणि परत आत गेल्यावर पहिल्या मिनिटात काय करतो, तेही बघून ठेवा.

पण वहीत "आळशी", "माजोरडा" असले शब्द लिहू नका. तो निकाल झाला, नोंद नव्हे. "दुसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल गेल्यावर चारदा उभा राहिला, दोनदा परतला" असं लिहा. पुढच्या मॅचला सहाच्या सहा वेळा परतलेला दिसला तर आधीच्या दिवशी त्याचा घोटा दुखत असेल, ताप असेल, काहीही असेल.

गोल किती मारले ह्यावर मी फार वेळ घालवत नाही, पण मोजायचेच असतील तर फील्ड गोल (चालू खेळात मारलेले) वेगळे आणि पेनल्टी कॉर्नरचे वेगळे मोजा. कॉर्नरचे गोल हलके असतात असं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंगने १० गोल केले, सगळे पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका), आणि आपण ब्राँझ आणलं. फक्त ते वेगळं कसब आहे. कॉर्नरवर पहिला फटका हिट असेल तर तो गोलच्या तळाशी असलेल्या ४६ सेंटिमीटरच्या फळीच्या उंचीतच गोलमध्ये जावा लागतो. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन फेकण्याला, हे बंधन नाही. सोळा वर्षांच्या गोलकीपरचा हात वरच्या कोपऱ्यात वेळेवर पोचत नाही, त्यामुळे त्या वयात थोडा ताकदवान फ्लिकर ढीगभर गोल मारतो. मी बघते ते हे: डावीकडे आणि उजवीकडे मारताना त्याची पावलं सारखीच पडतात का, की तिसऱ्या पावलालाच दिशा कळते? वेग पुढे जिममध्ये वाढतो. आणि एवढ्या लहान वयात रोज पूर्ण ताकदीने फ्लिक मारत असेल तर काळजी करा, तो सगळा पीळ कमरेवर येतो. बॉल आत ढकलणारा आणि डीच्या बाहेर तो थांबवणारा, ह्या दोघांकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा.

समोरची टीम कोण होती, हेही लिहा. राष्ट्रीय स्पर्धांच्या पहिल्या फेऱ्यांत दहा-बारा शून्य असे स्कोअर लागतात. तिथल्या हॅटट्रिकला मी टाळ्या वाजवते, वहीत घेत नाही.

मग वय. वयोगटाची रेषा १ जानेवारीला मारली की जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात येतात, मध्ये जवळपास वर्षाचा फरक. पंधराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि खांद्यात भरपूर ताकद. धक्क्याने बॉल काढणारा, लांब हिट मारणारा, नुसत्या धावेने पुढे जाणारा पोरगा दिसला की त्याची ताकद बाजूला काढून उरतं काय ते बघा. आणि जो किरकोळ पोरगा धक्के खाऊनही दरवेळी योग्य जागी पोचतोय, त्याच्या नावापुढे खूण करा. उंची येईल. खडकीतले एक अण्णा स्टँडमध्ये माझ्या शेजारी असतात, जुन्या कारखान्याच्या टीमचे फुल बॅक. ते पोराकडे बघतच नाहीत, त्याच्या बापाची उंची बघतात. मला ते हसायला येतं, पण अगदीच खोटं नाही.

घाई मात्र कुणाच्याच बाबतीत करू नका. विवेक सागर प्रसाद २०१८ मध्ये सतराव्या वर्षी भारताकडून खेळला. धनराज १९८९ मध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा एकविशीत होता, आणि त्यानंतर चार ऑलिंपिक खेळला. गोलकीपरचं तर गणितच वेगळं, तो उशिरा पिकतो. श्रीजेश छत्तिसाव्या वर्षी पॅरिसचं ब्राँझ घेऊन थांबला. ज्युनियर गोलकीपरने किती वाचवले ह्यापेक्षा वाचवलेला बॉल कुठे गेला ते बघा: बाजूला गेला की समोरच्या फॉरवर्डच्या स्टिकवर? आणि त्याचा आवाज येतो का. गप्प गोलकीपर मला चालत नाही.

पोराचे आईवडील मागच्याच पायरीवर डबा उघडून बसलेले असतात, हे लक्षात ठेवून बोला. चुकीचा पास गेला म्हणून मोठ्याने नाव घेऊन ओरडू नका, आणि अठराच्या आतल्या पोराच्या फजितीचा व्हिडिओ कुठेही टाकू नका. वडिलांनी विचारलंच, "कसा वाटतो?", तर एक चांगली गोष्ट आणि एक बघण्यासारखी गोष्ट सांगायची, इंडियाबिंडिया काढायचं नाही.

शेवटी माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते, म्हणजे नोंद केवढी असावी ते कळेल. प्रत्येक उण्या गोष्टीपुढे मी वय, सराव किंवा स्वभाव ह्यांपैकी एक लिहिते. ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह.

"१४ नंबर, लेफ्ट हाफ. टर्फ ओलं, समोरची टीम तगडी. बॉल घेण्याआधी मागे बघतो, जवळजवळ दरवेळी. तिरका उभा राहतो. पास जमिनीलगत, जोरात, पण २५ यार्डांपलीकडे पोचत नाही (वय). रिव्हर्सने अडवतो, रिव्हर्सने देत नाही, फिरून उजवीकडे येतो, एक सेकंद जातो (सराव). टॅकलला उडी घेत नाही, मागे सरतो, छान. टीम मागे पडल्यावर बॉल मागणं बंद (?). पुढच्या वेळी: टीम हरत असताना चौथा क्वार्टर पूर्ण बघणे."