पार्किन्सनच्या रुग्णाला चालवताना या चुका टाळा

आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांत सोप्यातून माजघरात जायचं म्हणजे उंबरा ओलांडावा लागतो. पार्किन्सनचा रुग्ण नेमका तिथंच अडतो. अंगणात बरा चाललेला माणूस दारात आला की पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. घरचे घाबरून हात धरून ओढायला लागतात आणि त्या ओढण्यातूनच माणूस पडू शकतो.

खानापूरकडच्या एका घरात हे मी अगदी समोर उभं राहून पाहिलं. मुलगा म्हणत होता, "आप्पा, उचला की पाय, एवढासा तर उंबरा आहे." त्यानं दोन्ही हात धरून पुढं ओढलं. आप्पांचं धड पुढं झुकलं, टाचा वर आल्या, पावलं मात्र जागच्या जागी थरथरत राहिली. सुनेनं मागून कमरेला धरलं म्हणून ते तोंडावर आले नाहीत. त्या मुलाच्या मायेत काही कमी नव्हतं. आप्पांच्या पायांत ताकद नाही किंवा ते प्रयत्नच करत नाहीत, असं त्याला वाटत होतं, आणि तो समज चुकीचा होता.

पायातली ताकद बहुतेक वेळा जागेवर असते. मेंदूत हालचालींचे निरोप पोचवणारं डोपामिन नावाचं रसायन असतं. ते तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात, त्यामुळे विचार न करता होणाऱ्या हालचाली सुरू करणं जड जातं. लक्ष देऊन, काहीतरी बघून किंवा ऐकून केलेली हालचाल मेंदू वेगळ्या वाटेनं करतो आणि ती वाट बराच काळ शाबूत असते. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाचं चित्रण प्रसिद्ध केलं. त्याला धड चार पावलंही टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो सफाईनं चालवत गेला. (म्हणून कुणाला सायकल देऊन रस्त्यावर सोडू नका. घरातली जागेवरची सायकल मात्र चांगला व्यायाम आहे.)

तेव्हा पाय अडकले की ओढू नका, मागून ढकलू नका आणि "चला, चला" अशी घाईही करू नका. आधी थांबू द्या. सरळ उभं राहून एक श्वास, मग वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर असं हळू डोलणं, आणि मग एक मोठं पाऊल. तुम्ही बाजूला उभे राहा आणि तुमचा पाय त्यांच्या पावलापुढं आडवा ठेवून "हा ओलांडा" म्हणा. पुष्कळांचा पाय तेवढ्यावर उचलला जातो.

उंबऱ्याच्या अलीकडं-पलीकडं जमिनीवर पट्ट्या चिकटवा. लंडनचे डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्येच नोंदवून ठेवलंय की जमिनीवरच्या आडव्या रेषा ओलांडताना अडकलेले रुग्ण चालू लागतात. इथं एक चूक फार जण करतात. पट्ट्या चालण्याच्या दिशेनं, वाट दाखवल्यासारख्या लांब लावतात. त्यांचा उपयोग होत नाही. पट्टी आडवीच हवी, दोन पट्ट्यांत एका पावलाचं अंतर हवं आणि रंग उठून दिसायला हवा. काळपट शहाबादी फरशीवर पांढरी किंवा पिवळी पट्टी लावा.

ताल हा दुसरा आधार. आपल्याकडं गावोगावी भजनी मंडळं आहेत, टाळ घराघरांत आहेत. ज्याचं आयुष्य दिंडीत पावली टाकण्यात गेलं त्याला मोबाइलच्या टिकटिकीपेक्षा टाळ जवळचा वाटेल. ठेका मात्र रुग्णाच्या स्वतःच्या चालीइतकाच ठेवा. वेग वाढवला की पावलं आखूड होतात आणि पाय आणखी अडकतात.

आणि हे चार दिवस करून सोडू नका. २००७ मध्ये ब्रिटन, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये १५३ रुग्णांना घरी जाऊन तीन आठवडे रेषा, ताल अशा खुणांवर चालण्याचा सराव दिला गेला. चालण्यात फरक पडला, पण सराव थांबल्यावर सहा आठवड्यांनी पाहिलं तर तो फायदा बराच ओसरला होता. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही म्हणून बसवून ठेवलेला माणूस दसऱ्यापर्यंत जास्तच ताठरतो. घरातल्या घरात, सोप्यातच फेऱ्या घाला.

चालताना बोलायला लावू नका, हातात चहाचा कप देऊ नका. वळताना एका पायावर गर्रकन न फिरता थोडा मोठा वळसा घ्यायला सांगा.

गोळ्यांच्या चुका

लेवोडोपा हे पार्किन्सनचं मुख्य औषध, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. त्याची गोळी जेवणाबरोबर किंवा दुधाच्या पेल्यासोबत देण्याची सवय बऱ्याच घरांत दिसते. दूध, दही, आमटी, अंडी, मटण यांतली प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून रक्तात जायला एकाच वाटेवर गर्दी करतात. मग गोळी घेऊनही दुपारी पाय उचलत नाहीत आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडेना. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभरानं पाण्यासोबत द्या. मळमळ होत असेल तर कोरडं बिस्कीट चालेल. प्रथिनं बंद मात्र करू नका, या आजारात वजन आधीच उतरतं.

खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच. त्यात नैसर्गिक लेवोडोपा असतो. गोळीत त्याची भर पडली की हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, आणि डॉक्टर कारण दुसरीकडंच शोधत बसतात. गोळी मनानं एकदम बंद करणं तर फारच धोक्याचं. अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढू शकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की हर्नियाचं, गोळीचं काय करायचं ते आधी विचारा.

चक्करेची गोळी ही मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते. उठल्यावर गरगरतं म्हणून औषधाच्या दुकानातून सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन आणलं जातं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं जातं. ही औषधं डोपामिनचंच काम अडवतात. आजार वाढला असं वाटतं, पण वाढवलेलं असतं त्या गोळीनं. पार्किन्सनमध्ये उठल्यावरची चक्कर अनेकदा रक्तदाब उतरल्यानं येते. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडं नुसतं "चालता येईना" म्हणून गेलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. गोळी किती वाजता दिली, पाय कधी मोकळे झाले, कधी अडकले, कुठं पडले, हे तीन-चार दिवस वहीत लिहा. शक्य असेल तर अडकल्याचा व्हिडिओ काढून न्या, कारण तपासणीच्या खोलीत रुग्ण हटकून बरा चालतो. आपल्याकडं निपाणीचे लोक कोल्हापूरला जातात, चिक्कोडीचे मिरजेला, खानापूरचे बेळगावला, आणि तापाला गावातलाच दवाखाना असतो. एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यानं पाहिलेली नसते. सगळ्या गोळ्यांची नावं आणि वेळा एका कागदावर लिहून तो रुग्णाच्या खिशात ठेवा, आणि नवीन गोळी सुरू होण्याआधी तो कागद समोर धरा.