कन्सल्टिंगसाठी बिझनेस स्कूल कसे निवडावे

इंदूरच्या मराठी घरांत एमबीएचा विषय निघाला की राऊच्या टेकडीवरील आयआयएमचे नाव सर्वांत आधी येते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण १९९६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आपल्या डोळ्यांसमोर आहे. मात्र ज्याला कन्सल्टिंगमध्येच, म्हणजे कंपन्यांना व्यवसायविषयक सल्ला देण्याच्या कामातच, जायचे आहे त्याने, कोणत्या कंपन्या तेथून कोणत्या कामासाठी मुले घेतात, याचा शोध आधी घ्यावा.

त्यासाठी प्रथम आपल्याला नेमके कोणते कन्सल्टिंग हवे, हे ठरवावे. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या सल्लागार कंपन्यांचा भर मुख्यतः धोरणविषयक सल्ल्यावर असतो, तर अनेक मोठ्या कंपन्यांत तंत्रज्ञान आणि अंमलबजावणीचे काम अधिक असते. संस्थेच्या प्लेसमेंट अहवालात, म्हणजे मुलांना कोठे आणि किती पगाराची नोकरी मिळाली हे सांगणाऱ्या अहवालात, मात्र दोन्ही बहुधा एकाच नावाखाली येतात.

त्यानंतर निवडलेल्या प्रत्येक संस्थेचा प्लेसमेंट अहवाल बारकाईने वाचावा. गेल्या आठवड्यात लोकमान्यनगरमधील भाच्याबरोबर मी असाच एक अहवाल घेऊन बसलो होतो. आलेखात कन्सल्टिंगचा वाटा चांगलाच मोठा होता, पण पदनामांच्या यादीवर पेन्सिल फिरवत गेलो तेव्हा त्यातल्या बऱ्याच जागा सॉफ्टवेअर बसवून देण्याच्या निघाल्या. सरासरी पगारानेही भुलू नये. समजा, दहापैकी नऊ जणांना १५ लाख आणि एकाला ६५ लाख मिळाले, तर सरासरी २० लाख दिसते. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १५ लाखच असतो. अहवाल त्रयस्थाकडून तपासून घेतला आहे का, हेही पाहावे.

आता स्वतःची गुणपत्रके काढावीत. दहावीचे गुण आता कोण विचारतो, असे वाटेल; पण मुलाखतीची यादी करताना कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीचे गुण पुष्कळदा पाहतात. गुण कमी असतील, तर चांगला कामाचा अनुभव किंवा एखादे ठळक यश अर्जात दिसणे गरजेचे ठरते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती पहिल्या काही महिन्यांतच होतात आणि त्यांतूनच पुढे अनेकांना कायमची नोकरी मिळते, त्यामुळे नवागतांकडून केस मुलाखतींचा (एखाद्या कंपनीची अडचण देऊन ती सोडवायला लावणाऱ्या मुलाखतींचा) सराव करून घेणारे सीनियर त्या संस्थेत आहेत का, हे माजी विद्यार्थ्यांना आवर्जून विचारावे.

मार्ग वयानुसार बदलतो. बारावीनंतर आयआयएम इंदूरचा २०११ पासून चालणारा पाच वर्षांचा आयपीएम हा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर कॅट ही प्रवेश परीक्षा, आणि नोकरीचा अनुभव गाठीशी असेल तर आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) सारख्या संस्थांचा एका वर्षाचा अभ्यासक्रम.

शेवटी फीचा हिशेब. कन्सल्टिंगमधली नोकरी मिळालीच नाही, असे धरून त्याच संस्थेतल्या मध्यक पगारातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता निघतो का, ते पाहावे; निघत नसेल, तर शिष्यवृत्तीची किंवा कमी फीच्या संस्थेची चौकशी प्रवेशाचा पहिला हप्ता भरण्यापूर्वीच करावी, कारण भरलेली फी पूर्ण परत मिळेलच असे नाही.