परभणीच्या उन्हात मॉडेलच्या गाडीवर काचेसारखा रंग

मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) हातात घेऊ नका. मी घेतला होता. 1/24 मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या) गाडीचं बॉनेट काळं मारलं. लांबून झकास दिसलं, पण बोट फिरवलं तर ज्वारीचं भरड पीठ! नोझल बदललं, कॉम्प्रेसर तपासला, फरक शून्य. कारण उन्हात होतं. रंगाचे थेंब प्लास्टिकवर पोचायच्या आधीच वाळत होते. ओला थेंब शेजारच्या थेंबात मिसळून पसरतो, अर्धवट वाळलेला मात्र दाण्यासारखा चिकटून बसतो. आपल्याकडे पारा 42 च्या पुढे गेला की थंड हवेच्या गावातली मापं जशीच्या तशी चालत नाहीत.

म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला बसतो. आधी फरशीवर पाण्याचा हबका मारायचा, धूळ खाली बसते. पंखा, कूलर बंद. सुटे भाग आदल्या रात्रीच भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन ठेवायचे, कारण साच्यातून आलेल्या प्लास्टिकवर तेलकट थर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोरड्या फडक्याने घासू नका, घासलं की प्लास्टिक धूळ ओढतं. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. तो वाळला की 1500 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने. इथे राहिलेला ओरखडा वरच्या चकचकीत रंगात दुप्पट दिसतो.

आता रंग. मी लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवायचा झटपट वाळणारा रंग, वापरतो: एक भाग रंग, दोन भाग लेव्हलिंग थिनर. त्यात रंग उशिरा वाळवणारा रिटार्डर असतो, आणि आपल्या हवेत तोच कामाला येतो. रंग वाटीच्या कडेला चढवून सोडायचा. दुधासारखा सरकन उतरून मागे पातळ पापुद्रा राहिला की जमलं. ताकासारखा गोळे धरून रेंगाळला तर अजून थिनर. वास उग्र असतो, तेव्हा खिडकी उघडी, सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क तोंडावर, आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

नोझल 0.3 मिमी, दाब 15 पीएसआयच्या आसपास, अंतर सात-आठ सेंटिमीटर. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिले दोन हात अगदी विरळ, खालचा प्रायमर दिसला तरी चालेल. मधे दहा-दहा मिनिटं सोडा.

शेवटचा ओला हात मारताना नजर रंगावर नको, त्यात पडलेल्या बल्बच्या प्रतिबिंबावर ठेवा. सुरुवातीला ते धुरकट, कडा विस्कटलेल्या. हात पुढे सरकतो तशी कड एकदम रेखीव होते. तिथेच पुढे सरका. त्याच जागी आणखी एक हात फिरला की ओघळ आलाच.

लगेच वर प्लास्टिकचा डबा उपडा घाला, खाली हवेपुरती फट ठेवून.

पावसाळ्यात उलटं दुखणं: दमट हवेत लॅकरवर पांढरट धुरी येते. तेव्हाही रिटार्डरचे थेंब, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच.

पॉलिशची घाई नको. दोन दिवसांनी डबा उचलून नाक जवळ न्या. थिनरचा वास येत असेल तर रंग आतून मऊ आहे, डबा परत घाला.