लिगामेंट फाटल्यावर शस्त्रक्रिया की व्यायाम: निर्णय कसा घ्यावा

शाहू स्टेडियमवर चेंडूमागे वळताना किंवा तालमीत डाव मारताना गुडघा पिळवटतो, काही तासांतच सुजून टम्म होतो आणि एमआरआयच्या अहवालात 'एसीएल पूर्ण फाटले' असे येते. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारे लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध. अशा वेळी घरातले ऑपरेशनची तारीख विचारू लागतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की निर्णय केवळ अहवालावरून घेऊ नये. गुडघा सटकतो का आणि पुढे त्याच्याकडून कोणते काम घ्यायचे आहे, यावरून घ्यावा.

काही गोष्टींना मात्र थांबता येत नाही. गुडघा अडकून सरळच होत नसेल, पाऊल थंड किंवा बधिर पडले असेल, किंवा सांधा निखळला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सुजलेल्या गुडघ्यावर जोराची मालिश करू नये, वस्तादांनी मायेने सांगितली तरीही.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचे एमसीएल हे लिगामेंट एकटेच फाटले असेल, तर ते बहुधा पट्टा आणि व्यायामाने काही आठवड्यांत भरून येते. खरा पेच एसीएलचा असतो. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायाम करून गरज भासल्यासच शस्त्रक्रिया केलेले, असे दोन गट होते. दोन वर्षांनी दोघांच्या गुडघ्यांची स्थिती जवळपास सारखीच होती, आणि दुसऱ्या गटातील ५९ पैकी २३ जणांनाच तोवर शस्त्रक्रिया करावी लागली होती. याउलट, जुन्या दुखापतीनंतर ज्यांचा गुडघा सटकतच राहतो, त्यांना शस्त्रक्रियेचा फायदा अधिक होतो, असे २०२२ च्या ब्रिटिश अभ्यासात दिसले.

म्हणून तातडीचे कारण नसेल, तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुमारे तीन महिने मनापासून व्यायाम करावा. सुरुवात साधी असते: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून उताणे झोपावे, मांडीचा पुढचा स्नायू आवळावा आणि गुडघा पलंगाकडे दाबून पूर्ण सरळ करावा. हे जमल्याशिवाय पुढचे वजनाचे व्यायाम करू नयेत. पुढे शस्त्रक्रिया ठरलीच, तरी ही मेहनत वाया जात नाही, कारण सूज उतरलेल्या आणि पूर्ण सरळ होणाऱ्या गुडघ्यावर केलेली शस्त्रक्रिया अधिक सुरळीत पार पडते.

या काळात गुडघा कधी सटकला ते वहीत लिहावे: जोतिबाच्या पायऱ्या उतरताना, उसाच्या सरीतून चालताना की नुसते वळताना. रोजच्या चालण्यातच तो वारंवार दगा देत असेल, किंवा कुस्ती आणि फुटबॉल सोडायचे नसतील, तर शस्त्रक्रियेकडे कल असावा. वारंवार सटकण्याने गुडघ्यातली कूर्चेची गादीही (मेनिस्कस) फाटू शकते. बसून काम करणाऱ्याचा गुडघा स्थिर राहत असेल, तर मला घाईचे कारण दिसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मैदानात उतरण्यास किमान नऊ महिने द्यावेत, आणि तेव्हाही दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के झाली आहे का, हे फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्यावे.