डबलसीट लांबचा प्रवास: मागच्या सीटवरून पुन्हा लिहिलेली तयारीची यादी

गेल्या डिसेंबरात आम्ही पती-पत्नींनी पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरून, किनाऱ्याच्या रस्त्याने तेरेखोलपर्यंत आणि तेथून आंबोलीमार्गे परत, असा प्रवास साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलवर केला. निघण्यापूर्वी मी तयार केलेली यादी दोन पानांची होती आणि तिच्यातील बहुतेक नोंदी गाडीच्या, उरलेल्या माझ्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गुहागरच्या एसटी स्थानकासमोर पत्नीने हेल्मेट काढून माझ्या हातात दिले आणि "तू ये गाडीवरून, मी रत्नागिरीपर्यंत एसटीने येते," असे शांतपणे सांगितले. त्या रात्री रत्नागिरीच्या मुक्कामी आम्ही यादी पुन्हा लिहिली, या वेळी ती सांगत होती आणि मी लिहून घेत होतो. पुढे दिले आहे ते त्या दुसऱ्या यादीवरूनच, परतल्यावर केलेल्या दुरुस्त्यांसह.

सर्वांत आधी ठरवायचे ते रोजचे अंतर, आणि ते मागे बसणाऱ्या व्यक्तीला विचारून ठरवायचे. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते, समोरचा खड्डा त्याला दिसतो, त्यामुळे त्याचे शरीर धक्क्यासाठी क्षणभर आधीच तयार होते. मागे बसणाऱ्याला तो धक्का न सांगता बसतो, आणि दिवसभरात असे शेकडो धक्के बसले की थकवा पायांत किंवा पाठीत नव्हे, तर थेट मनात उतरतो. पहिल्या दिवशी पुणे ते हरिहरेश्वर हे अंतर आम्ही सहज कापले म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेसवी, केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ करत गुहागर गाठले. नकाशावर हे अंतर पहिल्या दिवसापेक्षा कमी होते, पण चढउतार, अरुंद वळणे आणि दोन खाड्या यांत सगळा दिवस गेला आणि शेवटचा तास अंधारात काढावा लागला. किनाऱ्याच्या रस्त्यावर डबलसीट असताना दिवसाला शंभर ते सव्वाशे किलोमीटर पुरेसे आहेत, हे आता आम्ही लिहूनच ठेवले आहे. परतीच्या वाटेवर निपाणीनंतर महामार्ग लागला की दुप्पट अंतरही जड जात नाही, तरीही आम्ही कोल्हापूरला मुक्काम केलाच. दर पाऊण तासाने थांबायचे, आणि थांबण्याची जागा चालवणाऱ्याला आवडलेल्या दृश्यावरून न ठरवता स्वच्छतागृह कोठे आहे यावरून ठरवायची, ही नोंद तिच्या आग्रहाने दोनदा लिहिलेली आहे.

सात दिवसांत बसेल असे वाटणारे वेळापत्रक नऊ दिवसांचे मानून निघावे. आमचे झाले तसेच, फक्त आम्ही ते आधी मानले नव्हते, म्हणून मालवणहून मला कार्यालयात फोन करून रजा वाढवून घ्यावी लागली.

प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण सामान लादून एक दिवसाची रंगीत तालीम करावी. पुणे-वाई-पुणे एवढी फेरी पुरते, कारण तिच्यात महामार्ग आहे, खंबाटकीचा चढ आहे आणि दिवसभर बसल्यावर कोठे दुखते ते नेमके कळते. आम्ही हे केले नाही. केले असते, तर मूळ सीटचा मागचा भाग पुढे उतरता असल्याने ब्रेक लावला की तिचा सगळा भार माझ्या पाठीवर येतो आणि तिला पुन्हापुन्हा मागे सरकावे लागते, हे घराजवळच समजले असते. रत्नागिरीत एका सीट बनवणाऱ्याने दोन तासांत फोम कापून सीट सपाट करून दिली, आणि त्यानंतर एसटीचा विषय पुन्हा निघाला नाही. हवेची उशी हाही उपाय आहे. मात्र ती पूर्ण फुगवली तर माणूस तरंगल्यासारखा बसतो, म्हणून ती निम्मीच फुगवावी.

मागे बसणाऱ्याचे कपडे चालवणाऱ्याच्या कपड्यांइतकेच पक्के हवेत, हे सांगावे लागू नये. पण आपल्याकडे चालवणारा जॅकेट, हातमोजे, बूट घालतो आणि मागची व्यक्ती चपला व ओढणीत बसते, असे दृश्य अजूनही पुष्कळ दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर ते न घातल्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबन होऊ शकते. हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह असावे आणि ते मागे बसणाऱ्याच्या डोक्याच्या मापाचे स्वतंत्र घ्यावे. माझे जुने, सैल झालेले हेल्मेट तिला देण्याची चूक मी केली, आणि ते प्रत्येक वाऱ्याच्या झोतात डोळ्यांवर येत राहिले. ओढणी, शाल, लांब पट्ट्यांची पर्स, बॅगेच्या लोंबत्या दोऱ्या यांतले काहीही चाकाजवळ येता कामा नये. नियमानुसार मागच्या सीटसाठी धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि निम्मे चाक झाकणारे आवरण, म्हणजे ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते, आवश्यक आहे. बाजूच्या बॅगा बसाव्यात म्हणून ते काढून टाकण्याची अनेकांची सवय मला आता पटत नाही.

गाडीच्या बाबतीत मेकॅनिकला केवळ "सर्व्हिसिंग करा" असे न सांगता "डबलसीट आणि सामानासह घाटात जायचे आहे" असे सांगावे, कारण त्यावरून काही कामे बदलतात. मागच्या टायरमधील हवा एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी असते. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो कागदावर उतरवून टाकीच्या बॅगेत ठेवावा आणि रोज सकाळी टायर थंड असतानाच हवा तपासावी. मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग भारानुसार एक-दोन खाचा कडक करावी, नाहीतर खड्ड्यात गाडी मागून बसते. भाराने गाडीचे शेपूट खाली गेले की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, तर आपल्यापुढचा रस्ता काळाच राहतो. दाभोळ ते गुहागर या अंधारातल्या टप्प्यात मला हे समजले, म्हणून झोत दोघेही गाडीवर बसलेले असताना भिंतीवर पाडून लावून घ्यावा. चेनचा ढिलेपणाही भार पडल्यावर बदलतो, त्यामुळे तो पुस्तिकेतल्या मापाने ठेवावा आणि घट्ट चेनचा मोह टाळावा. मागचे ब्रेक लायनर किंवा पॅड अर्धे झिजले असतील तर ते निघण्यापूर्वीच बदलावेत. मागे माणूस असताना मागच्या चाकावर वजन अधिक राहते, मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त उपयोगी पडतो आणि साहजिकच जास्त झिजतो. तारांची चाके असतील तर टायरमध्ये ट्यूब असते आणि ट्यूबलेसचे पंक्चर किट तेथे निरुपयोगी ठरते. अशा वेळी दोन्ही मापांच्या ट्यूब सोबत असाव्यात. क्लच व ॲक्सिलरेटरची केबल, स्पार्क प्लग, फ्यूज आणि पाना-पक्कड एवढे बरोबर असले की बाकीचे कोकणातल्या गॅरेजवाल्यावर सोडून द्यावे. तो बहुधा आपल्यापेक्षा शांत असतो.

सामानाबाबत एकच नियम पाळला तरी पुरे: जड वस्तू खाली आणि दोन चाकांच्या मध्ये, हलक्या वस्तू वर. मागच्या कॅरियरवर उंच रचलेली बॅग पुढचे चाक हलके करते आणि वळणावर हँडल थरथरल्यासारखे वाटू लागते. पाण्याच्या बाटल्या, हत्यारे, कुलूप हे दोन्ही बाजूंच्या बॅगांत समान वाटावे. पाठीवरची सॅक मागे बसणाऱ्याला देऊ नये. तिचा भार खांद्यांना लागतोच, शिवाय ती वाऱ्यात माणसाला मागे ओढते. औषधे, ओआरएसची पाकिटे, ओळखपत्र आणि थोडी रोकड मात्र तिच्या जॅकेटच्या खिशात असावी, गाडीच्या बॅगेत नव्हे. एसटीचा दिवस उजाडला तेव्हा तिच्याकडे सुटे पैसे होते, हा केवळ योगायोग.

आता खुणांविषयी. हेल्मेटमध्ये बसवायचे इंटरकॉम चांगलेच. पण त्याची बॅटरी संपली की आमची जुनी पद्धत उपयोगी पडते: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे पुढच्या जागी थांब, सलग थापा म्हणजे लगेच थांब. चढण्या-उतरण्याची शिस्त निघण्यापूर्वी घटवून घ्यावी. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पुढचा ब्रेक धरून "बस" म्हटल्याशिवाय मागच्याने फूटरेस्टवर पाय ठेवायचा नाही, आणि थांबल्यावर "उतर" ऐकल्याशिवाय उतरायचे नाही. गाडी उभी असताना मागच्याने पाय खाली सोडू नयेत, ते फूटरेस्टवरच असू द्यावेत. वळणावर त्याने चालवणाऱ्याच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे पाहावे. एवढे केले की शरीर आपोआप गाडीबरोबर झुकते. भीतीने उलट बाजूला झुकलेला माणूस ताम्हिणीच्या उतारावर गाडीला वळणाबाहेर ढकलतो, हा अनुभव घेण्यासारखा नाही. चालवणाऱ्याने क्लच हळू सोडावा, गिअर बदलताना झटका देऊ नये आणि ब्रेक नेहमीपेक्षा लवकर सुरू करावा. दोन हेल्मेट एकमेकांवर आपटण्याचा आवाज हा माझ्या चालवण्यावरचा शेरा आहे, असे तिचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर आहे.

खाड्यांसाठी स्वतंत्र तयारी लागते. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींमुळे चिपळूणसारख्या ठिकाणांचे मोठे वळसे वाचतात, पण त्यांच्या वेळा आदल्या दिवशी स्थानिकांना विचारून घ्याव्यात. बोटीच्या लोखंडी फळीवर खारे पाणी आणि शेवाळ असते; तेथे मागच्या व्यक्तीने आधीच उतरून पायी यावे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता सरळ चढवावी. बोटीत गाडी गिअरमध्येच ठेवून तिच्याजवळ उभे राहावे.

कागदपत्रांत परवाना, नोंदणी, पीयूसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये चालतो, पण विम्याचा कागद एकदा शांतपणे वाचावा. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर मागे बसलेली व्यक्ती त्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि सक्तीचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालक-चालकाचे असते. म्हणून सर्वसमावेशक विमा आहे का आणि त्यात मागे बसणाऱ्यासाठी स्वतंत्र अपघात संरक्षण जोडले आहे का, हे पाहावे. नसल्यास ते घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि आपत्कालीन मदतीसाठी 112 हे क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असावेत, आणि फोनचे कुलूप उघडण्याची पद्धत एकमेकांना ठाऊक असावी.

यादीचे शेवटचे पान परतल्यानंतरचे आहे. किनाऱ्याची खारी हवा आणि बोटीवरचे तुषार लोखंडाला लगेच लागतात, त्यामुळे घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी गोड्या पाण्याने खालून धुवावी, चेन रॉकेलने साफ करून तिला तेल द्यावे, तारांवर आणि सायलेन्सरच्या जोडांवर कापडाने पुसून तेलाचा हात फिरवावा, आणि मागच्या टायरची हवा व स्प्रिंगच्या खाचा पुन्हा एकट्याच्या मापावर आणाव्यात.