रॅटचं लक्ष मोजायचंय? आधी औषधाविनाचा स्कोअर बघा

एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलपणाच्या विकारावर, काम करायला लॅबमध्ये नवीन आलेली मुलं पहिलं काय विचारतात, तर त्यावरचं औषध मिथाइलफेनिडेट किती द्यायचं. अरे, आधी औषध न देता तुमचा रॅट किती चुकतो ते तर बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

बहुतेक जण एसएचआर रॅट घेतात, म्हणजे ज्याचं बीपी आपोआपच वाढतं अशी जात. तो १९६३ साली क्योटोत ओकामोटो आणि आओकींनी बीपीच्या अभ्यासासाठी तयार केलेला, त्याची चुळबुळ आणि उतावीळपणा यावर नंतर लक्ष गेलं. त्याच्या शेजारी कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवतात तो विस्टार-क्योटो जातीचा रॅट जरा मंदच असतो, त्याच्यापुढे कोणीही चंचल दिसेल, म्हणून साध्या विस्टारचा एक ग्रुप ठेवाच. आणि ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय यातलं काहीच सुरू करायचं नाही.

टास्क फाइव्ह चॉइसचा, केंब्रिजमध्ये ट्रेव्हर रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेला. समोरच्या भिंतीत पाच भोकं, मागे खाऊचा ट्रे. रॅटने पाच सेकंद थांबायचं, मग कुठल्यातरी एका भोकात अर्धा सेकंद लाइट लागतो, तिथेच नाक खुपसलं तर खाऊची ४५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, चुकलं तर पाच सेकंद अंधार. सुरुवातीला लाइट बराच वेळ चालू ठेवायचा आणि जमेल तसा कमी करत न्यायचा, यात महिना-दोन महिने सहज जातात आणि इथे घाई केली की सगळं फुकट. अचूकता ८० टक्क्यांच्या वर आणि नाक न खुपसता सोडून दिलेल्या ट्रायल २० टक्क्यांच्या खाली बरेच दिवस टिकल्या की बेसलाइन, म्हणजे औषधाविनाचा स्कोअर, झाली म्हणा. जे रॅट शिकूनही खालीच अडकतात त्यांना काढून टाकू नका, तेच तर महत्त्वाचे! २००० साली याच केंब्रिजच्या ग्रुपने दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, डोपामिनचा डी१ रिसेप्टर चालू करणारं औषध थेट टोचलं तर ७५ टक्क्यांच्या खालच्या अचूकतेचे रॅट सुधारतात, आणि डी१ बंद केला तर जे आधीच चांगले होते ते बिघडतात.

आता डोस. इंजेक्शनने ०.५ मिलिग्रॅम प्रति किलोपासून सुरू करा. एवढ्याशा डोसला डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मेंदूतली निरोप नेणारी रसायनं मुख्यतः प्रीफ्रंटलमध्ये वाढतात, १० ला गेलात तर रॅट नुसता पळत आणि हुंगत सुटतो, त्याला लक्ष म्हणत नाहीत. प्रत्येक रॅटला सगळे डोस आणि सलाईन, म्हणजे औषध नसलेलं मिठाचं पाणीसुद्धा, क्रम बदलून, मध्ये दोन-तीन दिवस सोडून.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डेटा वाचताना. लाइट लागायच्या आधीच नाक खुपसणं कमी झालं की उतावीळपणा गेला म्हणून लोक खूश होतात, पण तेव्हा ट्रेकडे बघा. गोळी पडलीये, रॅट निवांत वळतो, हुंगतो आणि तशीच सोडून देतो. म्हणजे या औषधाने भूक मेलीये, लक्ष सुधारलेलं नाही. म्हणून ट्रेपर्यंत यायला लागलेला वेळ आणि सोडलेल्या ट्रायल अचूकतेच्या शेजारच्याच कॉलममध्ये लिहा.

जमलं तर ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधाचाही एक ग्रुप घ्या. ते नॉरएपिनेफ्रिनचा ट्रान्सपोर्टर, म्हणजे हे रसायन परत उचलून पेशीत नेणारं प्रथिन, अडवतं, पण प्रीफ्रंटलमध्ये डोपामिन उचलायचं बरंचसं काम तोच ट्रान्सपोर्टर करतो, त्यामुळे तिथे डोपामिन वाढतं आणि मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागात वाढत नाही. त्याने अचूकता सुधारली तर फरक नेमका कुठून आलाय याचा अंदाज तुम्हाला तुमच्याच डेटातून बांधता येतो.