संग्रहालयात आणि लेण्यांत मुलांना नेताना या चुका टाळा

मे महिन्याची नाहीतर दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरी पाहुणे येतात आणि त्यांना हिंडवायचं काम माझ्याकडे येतं. गेली वीस-बावीस वर्षं भाचे, पुतणे, आता त्यांची मुलं, सगळ्यांना घेऊन मी संग्रहालयं आणि लेणी पालथी घातली. चुका मात्र दरवर्षी त्याच. म्हणून आता लिहूनच टाकते.

"आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मुलं नाही, मोठी माणसं करतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचंच घ्या. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. गावोगाव हिंडून दिवे, दरवाजे, अडकित्ते, वाद्यं आणली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. २०,००० हून जास्त वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या अडीचएक हजार. एका माणसाची जन्मभराची मेहनत आपण दीड तासात उरकायला निघतो.

एकदा दीर-जाऊबाई नाशिकहून आले होते. बरोबर नऊ वर्षांचा पुतण्या आणि आमच्या सासूबाई. पितळी वज्र्या मांडल्यात तिथे पोरगा थांबला. "आजी, हे काय गं?" सासूबाई एरवी कमी बोलायच्या, पण त्या दिवशी खुलल्या. माहेरचं न्हाणीघर, तिथला काळोख, बंबाचा धूर, आणि टाचांना वज्री घासणारी त्यांची आजी. "मग तुला रडू यायचं?" पोराने विचारलं. त्या सांगणार इतक्यात दीर म्हणाले, "चला चला, अजून वरचे मजले राहिलेत, मस्तानी महाल बघायचाय." सासूबाई गप्प झाल्या. संग्रहालयातलं मस्तानी महालाचं दालन झालं, सगळे मजले झाले, पोरगा दमून गाडीत झोपला. पुढच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. त्या न्हाणीघराची गोष्ट अर्धीच राहिली. मी शेजारीच उभी होते आणि मीही दिरांना थांबवलं नाही, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला. एका फेरीत एक दालन, फार तर दोन. पोर जिथे थांबेल तिथे सगळ्यांनी थांबायचं. आजी-आजोबा बोलायला लागले की घड्याळाकडे बघायचं नाही. सव्वा तासात बाहेर, मग पोट भरून खायचं. "एवढ्या लांबून येऊन एवढंच बघायचं?" असं विचारतात लोक. हो, एवढंच. चार वस्तू नीट बघितलेलं मूल पाचवी बघायला स्वतःहून येतं. सगळे मजले तुडवलेलं मूल पुढच्या वेळी संग्रहालयाचं नाव काढलं की तोंड फिरवतं.

सुट्टीचा वार न बघता निघणं

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. घारापुरी आणि वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी, राणीची बाग बुधवारी. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण एकदा फजिती झाली आहे. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा मिळाली, दोन गाड्या काढल्या. रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा असा बेत. संभाजीनगरहून शंभर किलोमीटर गेलो. फर्दापूरच्या फाट्यावर, जिथून लेण्यांकडे एसटीच्या बस सुटतात, तिथे शुकशुकाट. पोरांना गाडीतून उतरवून परत गाडीत बसवावं लागलं. आता मी आधी वार ठरवते, मग रजा. जोडून सुट्टी सोमवारची असेल तर रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ.

अंधार आहे म्हणून लगेच बाहेर येणं

अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यात लोक शिरतात, "काही दिसत नाही" म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात मागे फिरतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही मिनिटं तरी लागणारच. मी मुलांना दाराच्या आत, भिंतीपासून लांब, खाली बसवते आणि हळूहळू शंभर आकडे मोजायला लावते. मग भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व एकेक करून उमटत जातो. आधी चेहरा, मग मुकुट, मग हातातलं कमळ. मुलांचा श्वास थांबलेला मी पाहिलाय. मोबाईलचा फ्लॅश मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वाळलेल्या गिलाव्यावरचे ते रंग प्रखर उजेडाने फिके पडतात आणि शेजारी बसलेल्या मुलाचे सरावलेले डोळेही पुन्हा बिघडतात. धीर धरायचा नसेल तर फोटो घरी बसूनही बघता येतात, त्यासाठी लेण्यात येऊ नये.

चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तापतो. मोजे न्या.

वेरूळला गाईड सांगेल ते सगळं मुलाच्या माथी मारू नका. एकच सांगा, तेही आत शिरण्याआधी: कैलास लेणं वरून खाली कोरलंय, कळस आधी, पायथा शेवटी. एवढं कळलेलं मूल आपणहून मान वर करतं. चौतीस लेण्यांचे नंबर पाठ करून त्याला काही मिळत नाही.

तारांगणाचा खेळ कुठल्या भाषेत आहे ते तिकीट काढण्याआधी विचारा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या वेळा असतात आणि सहा वर्षांच्या मुलाला न कळणाऱ्या भाषेत अंधारात बसवणं म्हणजे छळ आहे.

शाळेचा प्रकल्प म्हणून पाट्यांचे फोटो काढत सुटणारे आई-बाप दर रविवारी दिसतात. पाटी घरी येते, वस्तू तिथेच राहते. वही द्या, एकाच वस्तूचं चित्र काढायला सांगा, वाकडंतिकडं आलं तरी चालेल.

आत शिरल्याशिरल्या सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा.

आणि परतीच्या वाटेवर "काय शिकलास?" हे विचारू नका. परीक्षा सुरू झाली की मूल मिटतं. मी विचारते, "यातलं एक घरी न्यायला मिळालं तर काय नेशील?" कैलास लेण्याच्या अंगणातले दोन दगडी हत्ती बघून आल्यावर माझी भाची बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "हत्ती. पण त्याची सोंड कुणी तोडली ते मला आधी सांग."